गोम दिसली म्हणून खडा बदलू नका

पत्र : नमस्कार. आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. सासूबाईंची लग्नातली चांदीची अंगठी आहे, तिच्यात चंद्रकांत मणी आहे. लेक सीएची परीक्षा देतेय, रात्ररात्र झोप लागत नाही, म्हणून सासूबाईंनी मायेनं ती अंगठी तिला दिली. पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींनी भिंगातून खडा पाहिला आणि म्हणाले, आत गोमीसारखी भेग आहे, खंडित रत्न घालू नये. एका दुकानात दाखवलं तर ‘जुना खडा आम्हाला द्या, वर थोडे पैसे घाला, रेनबो मूनस्टोन देतो, अगदी स्वच्छ’ असं सांगून त्यांनी दुसरा खडा घरी पाहायला दिलाय. तो सगळीकडून निळसर चमकतो, खिडकीकडे धरला की मात्र केशरी दिसतो. आमच्या जुन्या खड्याचा निळा उजेड एकाच बाजूनं दिसतो आणि सरकत राहतो. खरा कोणता? घरी कसं ओळखायचं? अंगठी लेकीला सैल होते, ती लहान करून घ्यायचीय. आणि कोजागरीला सासूबाईंना ती मसाला दुधात घालून गच्चीवर ठेवायचीय. चंद्रकांताला चांदण्यात पाझर फुटतो म्हणतात. ठेवू का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर :

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी दुकानातला खडा परत देऊन या. सासूबाईंची अंगठी कोणाच्याही हातात बदली म्हणून देऊ नका. तुम्ही जे वर्णन केलं आहे त्यावरून जुना खडा अस्सल चंद्रकांत मणी असण्याची शक्यता फार मोठी आहे आणि नवा खडा ही काच असावी. ज्या खुणेमुळे तुमचा खडा नाकारला गेला, तीच खूण त्याच्या बाजूनं साक्ष देते आहे.

चंद्रकांत मणी, म्हणजेच मूनस्टोन, हा फेल्डस्पार या खनिजांच्या घराण्यातला. जमिनीच्या पोटात खडक तापलेला असतो तेव्हा पोटॅशियमवाला आणि सोडियमवाला फेल्डस्पार एकजीव असतात. खडक अतिशय सावकाश निवू लागला की त्यांचं एकत्र राहणं जमत नाही. ते वेगळे होतात आणि एकाआड एक पातळ थरांत बसतात : ऑर्थोक्लेजचा (पोटॅशियमवाला) थर, मग अल्बाइटचा (सोडियमवाला), पुन्हा ऑर्थोक्लेजचा. चिरोट्याचे पापुद्रे डोळ्यांपुढे आणा, फक्त इथला पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. या थरांवरून उजेड विखुरतो आणि खड्याच्या आत, पृष्ठभागाच्या किंचित खाली, तो निळा-पांढरा ढग तरंगताना दिसतो. थर फार पातळ असतील तर ढग निळा, जाड असतील तर पांढरा किंवा चंदेरी. स्वित्झर्लंडमधल्या अदुला डोंगरावरून या खनिजाला अ‍ॅड्युलारिया म्हणतात आणि या तरंगत्या उजेडाला अ‍ॅड्युलारेसन्स. थर एका ठरावीक दिशेत रचलेले असल्यामुळे ढगही ठरावीक कोनातूनच दिसतो. म्हणूनच तुमच्या जुन्या खड्याचा उजेड ‘एकाच बाजूनं दिसतो आणि सरकतो’. हे वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे, पण चंद्रकांताची सगळ्यात मोठी ओळख हीच.

आता गोमीकडे येऊ. हे दोन फेल्डस्पार निवताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. त्यामुळे थरांमध्ये ताण साठतो आणि खड्याच्या आत बारीक बारीक भेगा पडतात. एक सरळ लांब भेग आणि तिच्या दोन्ही बाजूंना काटकोनात फुटलेल्या आखूड भेगा, पायांसारख्या. भिंगातून पाहिलं की थेट गोम. रत्नशास्त्रात या खुणेला ‘सेंटिपीड’ म्हणजे गोमच म्हणतात. गुरुजींनी कोणतंही पुस्तक न उघडता जे नाव दिलं, तेच नाव जगभरचे रत्नपारखी वापरतात. श्रीलंकेच्या खड्यांत या गोमी विशेष आढळतात. तिथल्या मीटियागोडा गावच्या खाणी निळ्या चंद्रकांतासाठी प्रसिद्ध आहेत. नकली काचेत बुडबुडे सापडतील, पण अशी गोम सापडणार नाही. त्यामुळे ती दिसणं ही आनंदाची बाब आहे.

गुरुजींच्या शंकेलाही अर्थ आहे, तो झटकून टाकू नका. खंडित म्हणजे तुटलेला, टवका उडालेला, आरपार तडकलेला खडा, आणि तसा खडा असेल तर तो रोज बोटात घालणं खरंच चुकीचं. जन्मजात गोम आणि नंतर बसलेला तडा यांत फरक कसा करायचा ते सांगतो. खोलीत एकच ट्यूबलाइट चालू ठेवा. अंगठी अशी धरा की खड्याच्या घुमटावर ट्यूबची पांढरी रेघ उमटेल. आता अंगठी अगदी हळू फिरवा, म्हणजे ती रेघ भेगेवरून सरकत जाईल. रेघ अखंड, गुळगुळीत सरकली तर भेग आत आहे, पृष्ठभागापर्यंत आलेली नाही. रेघ त्या जागी तुटली, वाकली किंवा तिथं नखाला खाच लागली, तर भेग वर आली आहे. दुसरी खूण : आत बसलेला मोठा तडा आरशासारखा सपाट चमकतो आणि पाण्यावरच्या तेलासारखे रंग त्यात दिसतात, कारण त्यात हवेचा पातळ पडदा असतो. गोमीचे पाय मात्र आखूड, एकमेकांना समांतर आणि आटोपशीर असतात. तडा कडेपासून कडेपर्यंत गेलेला असेल तर खडा अंगठीत न ठेवता पदकात घाला. नुसती गोम असेल तर निर्धास्त राहा.

चंद्रकांताची खरी कमजोरी गोमीत नाही. फेल्डस्पारला दोन दिशांना, जवळजवळ काटकोनात, सहज फुटण्याचा गुण असतो. नेमक्या कोनातून टोला बसला की तो लाकडाच्या ढलपीसारखा सपाट चिरतो. त्याचा कठीणपणा मोहस् मापावर ६ ते ६.५. घरातल्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि या गारेचा कठीणपणा असतो ७. त्यामुळे धूळ बसलेला खडा कोरड्या पदराने पुसला तरी त्याला ओरखडे येतात. चाळीस वर्षं वापरलेले चंद्रकांत मळकट, अंधुक दिसतात ते बहुतेक वेळा याच कारणानं. आत काही बिघडलेलं नसतं, वरची झिलई गेलेली असते. ती परत आणता येते. खडे घासणारे कारागीर सिरियम ऑक्साइड ही झिलईची पूड लावून फेल्टच्या चाकावर घुमट पुन्हा उजळतात. जयपूर आणि खंबायत इथं हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. वजन थोडं कमी होतं, म्हणून आधी आणि नंतरचं वजन लिहून घ्यायला सांगा.

आता दुकानातल्या त्या खड्याबद्दल. ‘रेनबो मूनस्टोन’ या नावाखाली बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि तुमच्यासारखी मंडळी तिथंच फसतात. पहिली वस्तू नैसर्गिक आहे : पांढरा, अर्धपारदर्शक लॅब्रॅडोराइट. तोही फेल्डस्पारच, पण चुलत घराण्यातला, प्लॅजिओक्लेजच्या शाखेचा. त्याच्यात निळ्याबरोबर हिरवे, पिवळे, कधी जांभळे पट्टे दिसतात आणि बऱ्याचदा आत काळ्या काड्या असतात, त्या टूर्मलिनच्या. हा खडा सुंदर असतो. फक्त काटेकोर अर्थानं तो चंद्रकांत मणी नव्हे, आणि विकणाऱ्यानं ते सांगायला हवं. दुसरी वस्तू म्हणजे ओपलाइट नावाची काच. ती कारखान्यात बनते. अंधारलेल्या पार्श्वभूमीवर ती सगळीकडून सारखी निळसर दिसते आणि उजेडाकडे धरली की केशरी-पिवळी होते. सूर्य मावळताना आकाश ज्या कारणानं केशरी होतं तेच कारण इथंही : काचेतले अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश बाजूला विखुरतात, उरलेला केशरी आरपार येतो. तुम्ही ‘खिडकीकडे धरला की केशरी’ असं लिहिलंत तिथंच आमचा संशय पक्का झाला. स्वस्त वस्तूला स्वस्त म्हणून विकलं तर कोणाची तक्रार नाही. इथं मात्र सासूबाईंचा खडा घेऊन वर पैसे मागितले जात आहेत.

घरी तपासायला मोबाइलचा टॉर्च आणि दहापट दाखवणारं भिंग एवढं पुरे. भिंग सराफी सामानाच्या दुकानात मिळतं. खोलीत अंधार करा, टॉर्च एका जागी ठेवा, खडा बोटांत धरून हळूहळू तिरपा करा. खऱ्या चंद्रकांतात उजेडाचा ढग घुमटावरून वाहत जातो, एका टोकाला जाऊन विझतो आणि परत फिरवला की पुन्हा पेटतो. काचेत उजेड हलत नाही, नुसता भरून राहतो. पांढरा कॅल्सिडनी, म्हणजे गारेच्याच जातीचा एक दगड, हाही चंद्रकांत म्हणून खपवला जातो. त्याची चमक मेणासारखी असते आणि आतून काही तरंगत नाही. मग भिंग. गोल, काळ्या किनारीचे बुडबुडे दिसले की काच, तिथंच विषय संपला. अंगठीची पाठ बंद असेल तर सोनाराला विचारा की आत काळा रंग किंवा काळी चकती आहे का. फिक्या खड्याखाली काळं ठेवलं की निळा उजेड दुप्पट उठून दिसतो. जुन्या कोंदणात हे कौतुकानं करत असत, ती फसवणूक असेलच असं नाही, पण माहीत असायला हवं.

वजनाची परीक्षा सुट्या खड्यावरच होते. तुमची अंगठी लहान करताना खडा निघणारच आहे, तेव्हा ती संधी घ्या. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा सराफ बाजारात बऱ्याच पेढ्यांवर असतो. खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याची छोटी प्लास्टिकची वाटी ठेवून काटा शून्य करा. खडा बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरा. काटा जो आकडा दाखवेल तेवढ्या वजनाचं पाणी खड्यानं बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा. चंद्रकांत मणी असेल तर उत्तर २.५६ ते २.५९ च्या आसपास, लॅब्रॅडोराइट २.७० च्या जवळ, गार २.६५, आणि कृत्रिम स्पिनेल, म्हणजे कारखान्यात बनवलेला खडा, ३.६४. ओपलाइट काच बहुधा चंद्रकांताहून हलकी भरते.

यात चूक कुठं होते? खड्याला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि बुडवल्यावर खडा हलकेच हलवून घ्या. दुसरी चूक काट्याची. एक ग्रॅमचा, म्हणजे पाच कॅरेटचा खडा असेल तर चंद्रकांत ०.३८८ ग्रॅम पाणी सारतो आणि लॅब्रॅडोराइट ०.३७० ग्रॅम. फरक जेमतेम ०.०१८ ग्रॅमचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा फरक कळणारच नाही, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावरही शंका उरेल. आणि कॅल्सिडनीचं उत्तर २.६० च्या आगेमागे येतं, त्यामुळे तो या परीक्षेत सुटून जातो. त्याला उजेडाच्या परीक्षेतच पकडावं लागतं.

काही परीक्षा मात्र अजिबात करू नका. खडा दोऱ्यात गुंडाळून पेटवणं, गरम पाण्यातून काढून थंड पाण्यात टाकणं, काचेवर ओरखडा काढणं. एकदम तापला आणि निवला तर चंद्रकांत चिरू शकतो. काचेवर ओरखडा चंद्रकांत काढतो तसा गारेचा तुकडाही काढतो, त्यामुळे सिद्ध काहीच होत नाही आणि कडेचा टवका मात्र उडतो. दुधात टाकून दूध निळं दिसतं का हे पाहण्यालाही काही आधार नाही.

कागदोपत्री खात्री हवी असेल तर मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपूरला आयआयजीजे रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) आहे. अहवालात नुसतं ‘मूनस्टोन’ लिहून चालत नाही. खनिजाचं नाव, वजन कॅरेटमध्ये आणि अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना उजेड किती वाकतो त्याचं माप, हवा. चंद्रकांताचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास येतो, लॅब्रॅडोराइटचा १.५६ च्या आसपास. वजनाबद्दल एक इशारा : रत्ती दुकानागणिक वेगळी धरली जाते. म्हणून ‘सव्वापाच रत्ती’ ऐकून मान डोलवू नका, कॅरेटमध्ये लिहून मागा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यात मतभेद नाहीत.

नाशिककरांसाठी जाता जाता. ‘हा इथल्याच डोंगरातला चंद्रकांत’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपले डोंगर बेसॉल्टचे, लाव्हा निवून झालेले. चंद्रकांताला लागणारा सावकाश निवलेला, पोटॅशियमचा खडक इथं नाही. गंमत अशी की आपल्या काळ्या दगडात ज्या पांढुरक्या काड्या दिसतात तो लॅब्रॅडोराइटच्या घराण्यातलाच फेल्डस्पार असतो, पण तो अपारदर्शक, रत्न म्हणून निकामी. इथल्या खाणींत मिळतं ते स्टिलबाइट, अपोफिलाइट, कॅल्सिडनी. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ही खनिजं डोळे भरून पाहता येतात. स्टिलबाइटला मोत्यासारखी चमक असते आणि अजाण माणसाला तो चंद्रकांत वाटू शकतो, पण त्याचा कठीणपणा ३.५ ते ४. अंगठीत तो वर्षभरही टिकायचा नाही. भारतातला चंद्रकांत येतो तो मुख्यतः दक्षिणेतून, तमिळनाडूच्या कांगेयम-करूर पट्ट्यातून, आणि तो करडा, तपकिरी, पीचच्या रंगाचाही असतो.

अंगठी लहान करण्याचं काम सगळ्यात नाजूक आहे आणि चंद्रकांत सगळ्यात जास्त तिथंच फुटतात. चांदीइतकी उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. सोनार अंगठीच्या खालच्या बाजूला कापून, तुकडा काढून, डाक लावतो. चांदीचा डाक वितळायला साधारण ६५० ते ७५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. खाली लावलेली आच काही सेकंदांत वर खड्यापर्यंत पोचते. ओला कापूस किंवा ओली माती खड्याभोवती लावून काम उरकण्याची पद्धत माणकाला, हिऱ्याला कदाचित चालून जाईल, इथं चालत नाही. खडा काढूनच अंगठी आचेवर घ्यायची, हे सोनाराला स्पष्ट सांगा. लेझर वेल्डिंगची सोय असलेला कारागीर मिळाला तर आच तेवढ्याच जागी राहते, तरीही आम्ही खडा काढायलाच सांगू.

जुनं कोंदण उघडताना पातळ झालेली चांदीची पट्टी तुटण्याचा संभव असतो. ती तुटली तर जुनीच ओढूनताणून बसवायला लावू नका. शुद्ध चांदीची ०.३ मिलिमीटर जाडीची नवी पट्टी घालून घ्या. शुद्ध चांदी मऊ असते, खड्यावर जोर न येता वळते. ९२५ ची, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदीची, पट्टी वळवायला जास्त दाब लागतो. खडा खालून सपाट टेकला पाहिजे. एका बाजूनं अधांतरी राहिला तर पट्टी दाबताना तो त्याच रेषेत चिरतो. बैठकीत लाकडाचा बारीक भुसा पसरला की खडा समपातळीत बसतो. पट्टी समोरासमोरच्या चार जागी थोडी थोडी दाबायची, मग मधल्या जागा, आणि ठोकायचं नाही, ढकलायचं. पट्टीची उंची घुमट जिथून आत वळतो तिथपर्यंत पुरेशी. पुढं चढवली तर उजेड अडतो. सोनाराला एक वाक्य नक्की सांगा : खडा बसवल्यावर अंगठी तेजाबात, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये किंवा वाफेच्या झोतात घालायची नाही. चांदी उजळायची असेल तर खडा बसवण्याआधी.

एवढा व्याप नको असेल आणि अंगठी एक-दोन मापांनीच सैल असेल, तर खालच्या बाजूला सुती दोरा गुंडाळा, आपल्या आज्या करायच्या तसा. दर पंधरा दिवसांनी बदला. खडा जागचा हलत नाही, आचेचा प्रश्नच येत नाही. लेक दिवसभर लिहिते, अंगठी टेबलावर आपटणार. आम्हाला विचाराल तर परीक्षा होईपर्यंत तोच खडा चांदीच्या पदकात घालून गळ्यात घालणं सगळ्यात शहाणपणाचं. पाठ उघडी ठेवली की त्वचेला स्पर्शही होतो, ज्यांना तो महत्त्वाचा वाटतो त्यांचंही समाधान होतं. ज्योतिषात चंद्राचं मुख्य रत्न मोती आणि चंद्रकांत हे त्याचं उपरत्न मानलं जातं. सोमवार, चांदी, करंगळी हा त्याचा प्रघात. तो पाळायचा की नाही हे तुमच्या घरचं आहे.

कोजागरीबद्दल सासूबाई जे सांगतात ते फार जुनं आहे. सूर्यकांत उन्हात आग ओकतो आणि चंद्रकांत चांदण्यात पाझरतो, ही जोडी संस्कृत काव्यात ठायी ठायी आहे. मेघदूतात अलका नगरीच्या वर्णनात दोऱ्यांना लोंबणाऱ्या चंद्रकांत मण्यांतून मध्यरात्री पाणी ठिबकतं. ज्ञानेश्वरीतही सोमकांताचा, म्हणजे चंद्रकांताचाच, दृष्टांत येतो. रोमन लेखक प्लिनी यानं तर चंद्राबरोबर ज्याच्यातली आकृती वाढते आणि घटते अशा एका रत्नाची नोंद केली आहे. कवींचा तो मणी आणि आजचा फेल्डस्पार एकच होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण त्या काळी स्फटिकालाही असंच नाव दिलं जाई. पण पाझर मात्र डोळ्यांना दिसलेला असणार. आश्विनात पाऊस ओसरलेला, आकाश निरभ्र, हवेत ओल भरपूर, वारा पडलेला. अशा रात्री उघड्यावर ठेवलेला गुळगुळीत दगड आपली उष्णता आकाशाकडे टाकतो, भोवतालच्या हवेहून थंड होतो आणि त्याच्यावर दव धरतं. यंदा अंगठीशेजारी एक काचेची वाटी पालथी ठेवा आणि पहाटे नातवंडांना दोन्हींवर बोट फिरवायला सांगा. वाटीलाही पाझर फुटलेला असेल. सासूबाईंची आठवण खोटी ठरत नाही, फक्त पाणी हवेतून आलेलं असतं.

तेव्हा गच्चीवर खुशाल ठेवा, दवानं खड्याचं काहीच बिघडत नाही. दुधात मात्र घालू नका. आटवलेलं गरम दूध आणि गच्चीवरच्या गारव्यात थंडगार झालेली अंगठी यांची गाठ पडली तर खडा चिरू शकतो. दूध निवलेलं असलं तरी साय आणि साखर कोंदणाच्या फटीत जाऊन बसते आणि आठवड्याभरात खड्याखाली पिवळट पडदा दिसू लागतो. एखादी भेग वर आलेली असेल तर केशराचा रंग तिच्यात मुरतो, तो पुन्हा निघत नाही. अंगठी लहानशा ताटलीत, धुतलेल्या सुती कापडावर ठेवा आणि ताटली दुधाच्या पातेल्याशेजारी. नैवेद्य दाखवायचाच असेल तर थंड, कच्च्या दुधाचे दोन थेंब बोटानं लावून लगेच धुवा. मिठाच्या पाण्यात ‘शुद्ध’ करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, मीठ चांदीला खातं.

एरवी धुण्यासाठी कोमट पाणी, रिठ्याचा फेस किंवा साबणाचा थेंब, आणि लहान मुलांचा मऊ ब्रश. आधी नुसत्या पाण्याखाली धूळ जाऊ द्या, मग ब्रश, मग कोरडं मऊ कापड. टूथपेस्ट, राख, भांड्यांची पावडर, रांगोळी यांनी चांदी उजळते पण खड्याची झिलई जाते. भांडी घासताना, पीठ मळताना, बसच्या दांड्याला धरताना अंगठी बोटात नको. ठेवताना वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा. हिरा, माणिक, पुष्कराज एकाच डबीत असले तर ते चंद्रकांताला रात्रीतून ओरखडून टाकतात.

लेकीच्या झोपेबद्दल. आजीची अंगठी गळ्यात असल्याचा धीर मोठा असतो, तो तिला जरूर मिळू द्या. पण चंद्रकांत झोप आणतो, चिंता घालवतो याला वैद्यकीय आधार नाही. रात्ररात्र जागरण आठवड्यांवर गेलं असेल, जेवण सुटलं असेल, छातीत धडधड होत असेल, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता तिला डॉक्टरांकडे न्या. हे अंगठीच्या आधी.

आणि अंगठी सोनाराकडे देण्याआधी एक करा. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून त्या गोमीचे दोन-तीन फोटो काढा, एक वरून, एक बाजूनं. किती पाय आहेत, कोणत्या कडेकडे तोंड आहे, ते नीट दिसू दे. कोणत्याही दोन खड्यांतल्या गोमी सारख्या नसतात. खडा परत आला की भिंग लावा आणि फोटोशी ताडून पाहा. तीच गोम दिसली तर सासूबाईंचाच खडा घरी आला.